गोठ्याला कोण?



ज्येष्ठाचा वद्य पक्ष लागला की आपल्या सर्वांच्या घरी सारखीच लगबग सुरू होते. पताका धुऊन वलनीवर पडतात, टाळांच्या दोऱ्या बदलल्या जातात, दिंडीची भिशी कोणी भरली आणि कोणाची राहिली याची चौकशी चालते. या लगबगीत प्रत्येक शेतकरी घरात एक प्रश्न हमखास निघतो. कीर्तनात मात्र तो कधी ऐकायला मिळत नाही. गोठ्याला कोण राहणार?

तुम्ही माळकरी आहात, वारी चुकवत नाही, तर तुमच्या मागे घरी कोण असतं ते क्षणभर आठवा. एखादं नाव डोळ्यांपुढे आलं असेल. बहुतेक घरांत ते नाव वर्षानुवर्षं एकच असतं. त्या माणसाविषयी मला आज तुमच्याशी बोलायचं आहे.

आमचं घर फलटणच्या पूर्वेला, पालखी मार्गापासून चारेक मैल आत. जमीन सव्वातीन एकर, त्यातली दीड एकर विहिरीखाली, बाकी जिराईत. मी 1994 साली या घरात सून म्हणून आले तेव्हा दावणीला एक बैलजोडी, दोन म्हशी आणि पाच-सहा शेळ्या होत्या. परड्यात कोंबड्या होत्या, त्यांची मोजदाद कोणी ठेवत नसे. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. मामा आळंदीपासून चालत जायचे. त्यांच्यानंतर थोरले दीर आणि आमचे मालक जाऊ लागले. आत्या घरी.

शहरात राहणाऱ्या वाचकांसाठी थोडं सांगते, कारण गावाकडच्यांना हे पाठ आहे. जनावर असलेल्या घराला दोन धारा असतात, पहाटेची आणि सांजेची. वर्षाला 730. त्यांतली एकही पुढे ढकलता येत नाही. धार चुकली तर सड तटतात, कास दगडासारखी होते, आणि चार दिवस असं झालं तर जनावर आटायला लागतं. माणसाला एकादशी असते, म्हशीला नसते. तिला त्या दिवशीही कडबा, कडवळ, आंबोण आणि पाणी वेळेवर लागतं. घरात मयत झालं तरी माती देऊन आलेलं माणूस आधी गोठ्यात जातं, मग बसतं.

आत्या पहाटे चारला उठायच्या. शेण काढायचं, पाट्या उकिरड्यावर टाकायच्या, गव्हाणीत वैरण सारायची, सरकीची पेंड आणि भुसा भिजवून आंबोण करायचं, मग चरवी धुऊन धारेला बसायचं. उजाडेपर्यंत दूध सोसायटीच्या गाडीवर गेलेलं असायचं. ऊन वर आलं की शेणाच्या गोवऱ्या थापायच्या. उन्हाळ्यात त्या वाळवून उडवा रचायचा आणि पावसाळ्यासाठी वरून लिंपून घ्यायचा. गोवऱ्यांचा उडवा रचणं सोपं वाटतं. एकदा रचून बघा. पहिल्या पावसात आत पाणी शिरलं की चार महिने चुलीपुढे डोळे चोळत बसावं लागतं. आत्यांचा उडवा कधी भिजला नाही.

पेरणीला मामा पाभर हाकायचे आणि आत्या चाड्यावर मूठ धरायच्या. ही मूठ म्हणजे शाळेत न शिकवली जाणारी विद्या आहे. बैलाची चाल बघून दाणे सोडायचे असतात. बैल रेंगाळला की मूठ आखडायची, बैलाने पाय उचलला की सैल करायची. बाजरीचा दाणा बारीक, जरा हात ढिला पडला की ओळीत नुसती दाटी होते. उगवण झाल्यावर गावातली माणसं बांधावर उभं राहून सांगायची, ही आत्यांची पेरणी.

आणि हातांना कामातून सवड मिळाली की त्यांनी दुसरं काम काढलेलं असायचं. मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत वाकळ. जुनी लुगडी आणि धोतरं एकावर एक अंथरायची, कडेने धावदोरा घालत घालत गोल फिरत मध्यापर्यंत यायचं. एका वाकळेला महिना जायचा. मामांचं काम दोरांचं. बांधाची घायपात कापून आणायची, ओढ्याच्या डबक्यात आठ-पंधरा दिवस भिजत घालायची, कुजली की दगडावर चेचून वाख काढायचा. त्या पाण्याला भयंकर वास येतो आणि चीक लागला की अंगाला खाज सुटते. वाख धुऊन वाळवला की मांडीवर पीळ देत दोरी, आणि तीन पदर एकत्र करून दावी, कासरे, म्होरक्या. आता सगळीकडे नायलॉन आलं आहे. ते टिकतं, मान्य. पण बैलाच्या मानेला ते काचतं हेही खरं.

हे सगळं सांगायचं कारण असं, की दरवर्षी आमच्या घरातून दिंडीच्या ट्रकमध्ये एक नवी वाकळ जायची आणि राहुट्या बांधायला मामांनी वळलेले दोर जायचे. शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची बरणी, बाजरीच्या कडक भाकरींची चळत जायची. आत्या म्हणायच्या, ‘माझ्या हातचं सगळं पंढरीला जातंय. हातच तेवढे राहतात.’

एका वर्षी मामांनी पंढरपुरी म्हैस आणली. ही जात तुम्हाला माहीत असेल, तलवारीसारखी लांबच लांब शिंगं, पार खांद्यामागे गेलेली. हिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून नाव पडलं चांदणी. दोन्ही वेळचं मिळून सहा-सात लिटर दूध. जात काटक, खाणं बेताचं, आमच्यासारख्या कोरडवाहू माणसाला परवडणारी. पण चांदणी आत्यांशिवाय कुणाच्या हाताला उभी राहायची नाही. दुसरं कुणी बसलं की पान्हा चोरायची. न्याणं घातलं तरी पाय झाडायची, चरवी उडवायची. आत्या हसून म्हणायच्या, ‘मी पंढरपूरला जाईना, म्हणून पंढरपूरच माझ्या दावणीला आलंया.’

ऐकणारे हसायचे. मीही हसले आहे. पण माउली, थट्टेत गुंडाळून ठेवलेली गोष्ट थट्टेची असतेच असं नाही.

गावच्या सप्ताहात एका वर्षी सावता महाराजांचं चरित्र कीर्तनाला लागलं. तुम्हाला ते ठाऊकच आहे. अरणचे सावतोबा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्या मळ्यात आला. त्यांनी 1295 साली समाधी घेतली, आणि आषाढीची यात्रा पार पडल्यावर पंढरपूरहून विठ्ठलाची पालखी अरणला जाते. बाकीच्या संतांच्या पालख्या देवाकडे येतात. सावतोबांकडे देवाची पालखी जाते. बुवांनी रंगवून सांगितलं आणि शेवटी मागे बसलेल्या बायकांकडे हात करून म्हणाले, की घरी राहून गुरंढोरं सांभाळणाऱ्या माउल्यांची वारी अशीच घरबसल्या पोचते.

घरी आल्यावर मामा कौतुकानेच आत्यांना म्हणाले, ‘ऐकलंस का? सावतोबा पण गेलं नव्हतं.’

आत्या चुलीपुढे होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘सावतोबा आपल्या मनानं ऱ्हायलं. मला कुणी इचारलंय का, ऱ्हातीस का जातीस म्हणून?’

मामा गप्प झाले. मामा चांगले माणूस होते. आत्यांवर त्यांनी कधी हात उगारला नाही की शब्द टाकला नाही. पण पुढच्या वर्षीही तेच गेले, आणि त्याच्या पुढच्याही.

ते एक वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कामात विठ्ठल आहे ही आपल्या संप्रदायाची शिकवण खरी आहे, मी तिच्यावर शंका घेत नाही. गोरोबांनी चिखल तुडवताना, सेना महाराजांनी हजामत करताना, नरहरी महाराजांनी दागिने घडवताना नाम घेतलं, हे आपण श्रद्धेने सांगतो. पण हे वाक्य कोण कोणाला सांगतं यावर त्याचा अर्थ फिरतो. खुरपं हातात असलेल्या माणसाने ते म्हटलं तर तो त्याचा अनुभव असतो. खांद्याला पताका लावून निघालेल्याने उंबऱ्यात उभं राहून मागे राहणाऱ्याला ते सांगितलं, तर ती त्याची सोय असते.

जनाबाईंचंही तसंच. दळताना, कांडताना, गोवऱ्या वेचताना देव तिच्याबरोबर होता असं आपण ऐकतो. ती गोवऱ्यांच्या भांडणाची गोष्ट तर बायकांची फार आवडती. दोघींचं भांडण लागलं की गोवऱ्या कोणाच्या, तेव्हा जनीने सांगितलं, कानाला लावून बघा, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू येईल त्या माझ्या. मी एकदा आत्यांना म्हटलं, आत्या, तुमच्याही गोवऱ्या बोलत असतील. त्या म्हणाल्या, ‘बोलत असतील की. पर जनीचं जातं पंढरीतच हुतं, बाय. महाद्वार तिला दोन पावलांवर.’

जनावर आणि भक्ती यांची सगळ्यांत हृदयाला भिडणारी गोष्ट मला विचाराल तर ती शिऊरच्या बहिणाबाईंची आहे. तुकोबांच्या या शिष्येने आपलं चरित्र अभंगांतून सांगितलं, त्यात कोल्हापूरचं एक वासरू आहे. ते बहिणाबाईंच्या मागे मागे असायचं, कीर्तनालाही जायचं. गर्दीत अडचण होते म्हणून लोकांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा ते हंबरू लागलं, आणि जयरामस्वामींनी त्याला आत बोलावून घेतलं. बहिणाबाईंना मात्र त्या कीर्तनापायी घरात मार खावा लागला. म्हणजे वासराला आत घ्यायला माणूस भेटला. बाईच्या वाट्याला काय आलं ते पाहा. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. आपल्याच संतांनी ते लिहून ठेवलं आहे, आपण वाचताना तेवढं पान भरकन उलटतो.

2018 साली अधिक ज्येष्ठ आला. आषाढी लांबून 23 जुलैला गेली. तुम्हाला आठवत असेल, प्रस्थान जुलैत झालं. एरवी मृगाची पेरणी आणि पालखी एकमेकींच्या पायात येतात. त्या वर्षी पेरणी उरकून कोळपणीसुद्धा होणार होती. अक्षय्य तृतीयेला मी आत्यांना म्हटलं, ‘यंदा तुम्ही जायचं. फलटणपासून पंढरपूर. आठ दिवस.’

आत्यांचं वय तेव्हा 69. लग्न होऊन या घरात आल्याला 52 वर्षं झालेली. या 52 वर्षांत पालखी फलटणला मुक्कामी आली की त्या भाकरीचं गाठोडं घेऊन विमानतळाच्या तळावर जायच्या, पादुकांवर डोकं ठेवायच्या आणि सांजेच्या धारेला परत. कार्तिकीलाही नाही, कारण तेव्हा सुगी. पंढरपूर पाहिलं होतं ते एकदा, एका लग्नाला जाताना, एस.टी.च्या खिडकीतून.

त्या म्हणाल्या, ‘चांदणी सोडायची न्हाई कुणाला.’ मी म्हटलं, ‘बघू.’

मी हे केवळ त्यांच्यासाठी केलं असं सांगितलं तर ते पुरतं खरं होणार नाही. दावण सासूकडून सुनेकडे येते. ती तशी न विचारता माझ्याकडे येऊ नये, असंही मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी धारेच्या वेळी आत्यांच्या शेजारी नुसती बसू लागले. आठवडाभराने आंबोणाची पाटी मी ठेवू लागले. मग रेडकू मी सोडायचं, पाजून झालं की मी ओढायचं. ज्येष्ठात आत्यांच्या बरोबरीने दोन सड मी धरले. त्या शेजारी असेपर्यंत चांदणी काही बोलली नाही. त्या उठल्या की कान टवकारायची आणि दूध वर ओढून घ्यायची. मग जुन्या बायका सांगतात तो उपाय केला. आत्यांचं अंगावरचं लुगडं, न धुतलेलं, मी अंगाला गुंडाळलं. चांदणीने वळून हुंगलं, थोडी सैल पडली. अर्धी धार मिळाली, अर्धी चोरली.

दोन-तीन दिवस असं झाल्यावर माझ्या लक्षात आलं. आत्या धार काढताना हरिपाठ म्हणायच्या. मोठ्याने नाही, चालीत नाही, ओठांतल्या ओठांत, धारेच्या ठेक्यावर. पाच-सहा अभंग झाले की चरवी भरायची. मी गप्प बसून धार काढत होते. दुसऱ्या दिवशी मी तसाच पुटपुटत हरिपाठ धरला आणि चांदणीने पान्हा सोडला.

यात चमत्कार शोधू नका, माउली. जनावराला सवय असते. रेडिओ लावून धार काढणाऱ्यांची जनावरं रेडिओला पान्हा सोडतात. मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. हरिपाठ आत्यांना कुणी शिकवला नव्हता. मामा दारात बसून म्हणायचे तो ऐकून ऐकून त्यांनी पाठ केला होता, आणि आम्हा घरच्यांपैकी कुणालाही तो त्यांना येतो हे ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते म्हशीला.

पालखी फलटणला आली त्या सांजेला आत्या दिंडीत दाखल झाल्या. जाताना त्यांनी त्या वर्षीची वाकळ स्वतःच्या खांद्यावर घेतली, ट्रकमध्ये टाकू दिली नाही. बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर. रोज रात्री दिरांच्या फोनवरून फोन यायचा. ‘आंबोण भिजवलं का? डाव्या अंगाचा मागचा सड जरा हळू ओढ. शेळीच्या पायाचं काय झालं?’ मी विचारायची, ‘आत्या, पाय दुखतात का?’ त्यावर उत्तर नसायचं. रिंगण पाहून आल्या त्या दिवशी म्हणाल्या, ‘घोडं किती निर्मळ ठेवलंय गं! कुणीतरी रोज खरारा करत असणार.’ त्या रात्री मी विचार करत पडले. आपण माउलींच्या अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावतो, पालखीच्या रथाच्या बैलांना हात लावून नमस्कार करतो, काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण झालं की डोळे भरून येतात. त्या घोड्याला पहाटे वैरण कुणी टाकली, ते पाहणारी माझी सासू मला पहिलीच भेटली.

इकडे माझे दहा दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगते. पाऊस होता, वैरण ओली होती, एक करडू दगावलं, बाकी सगळं नीट. चांदणीने दोन वेळा लाथ मारली. दूध एक लिटरने कमी पडलं ते शेवटपर्यंत कमीच राहिलं.

एकादशीला पंढरपुरात पायावर डोकं ठेवायची रांग गोपाळपूरच्या वाटेला गेलेली. आत्यांनी चंद्रभागेचं स्नान केलं, नामदेव पायरीला हात लावला आणि कळसाचं दर्शन घेतलं. दीर म्हणाले, थांबू, पौर्णिमेचा काला करून जाऊ. त्या म्हणाल्या, बेंदूर तोंडावर आहे, बैलांच्या शिंगांना हिंगूळ कोण लावणार? द्वादशीला उपवास सोडून त्या एस.टी.त बसल्या.

घरी आल्या तेव्हा दिवे लागले होते. पाय धुऊन सरळ गोठ्यात. मी म्हटलं, आज बसा, मी काढते. ऐकेनात. चरवी घेऊन खाली बसल्या, कासेला हात लावला, आणि चांदणी उडालीच. अंगाला बुक्क्याचा, वाटेच्या धुळीचा, दहा दिवस दिंडीतल्या परक्या बायकांच्या कुशीत निजल्याचा वास. म्हैस त्यांना ओळखेना. दुसऱ्यांदा बसल्या, पुन्हा तेच. मी पुढे झाले, त्यांचं लुगडं माझ्याच अंगावर होतं, हरिपाठ धरला, धार काढली.

आत्या मेढीला टेकून उभ्या राहून बघत होत्या. चरवी भरत आली तशी म्हणाल्या, ‘सुटले बाई.’

एवढंच. काय सुटलं, कशातून सुटल्या, मी विचारलं नाही. बेंदरापर्यंत चांदणीने त्यांना पुन्हा ओळखलं, पण त्या दिवसापासून सांजेची धार त्यांनी मला दिली, न मागता.

मग 2020 आलं. तुम्हाला ते साल सांगायला नको. पायी वारी नाही, पादुका दशमीला एस.टी. बसने पंढरपूरला गेल्या, आणि अवघे वारकरी आपापल्या घरी. आमच्या घरचे दोघेही पुरुष आयुष्यात पहिल्यांदा आषाढात घरी होते. सकाळी उठून अंगणात येरझाऱ्या घालायचे. वाखरीचा दिवस आला तेव्हा दीर उंबऱ्यावर बसून रडले. त्या दोन आठवड्यांत दोघांना कळलं की दुधाच्या किटलीचं झाकण कुठे असतं, पावसात चूल कशी पेटवायची, रेडकाला जंतावरचं औषध कधी द्यायचं.

आत्या एका सकाळी दिरांना चहा देताना म्हणाल्या, ‘पालखी गेली आन् आपण ऱ्हायलो, की कसं वाटतं, आलं का ध्येनात?’ आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, असं दीर मला नंतर म्हणाले.

त्या वर्षी कितीतरी घरांतून ऐकू आलं, की वारी चुकली, जीव घाबरा झाला, अन्न गोड लागेना. मला ते सगळं खरं वाटतं. फक्त मनात येतं की त्यातलं पुष्कळ दुःख आपल्या घरातल्या कुणीतरी दर आषाढात गिळलेलं असतं. त्या माणसाला आपण सांगून आलेलो असतो की तुझी वारी घरबसल्या पोचते. मग 2020 साली आपली का नाही पोचली?

आता आमच्याकडे बैल राहिलेले नाहीत. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते, चाड्यावर मूठ धरायचं कारण उरलं नाही. चांदणी गेल्या साली गेली, तिला आम्ही बांधाला पुरलं. तिची पारडी आता दावणीला आहे, शिंगं आईसारखी, लाथही आईसारखी. दोर नायलॉनचे झाले. वाकळ आत्या अजून शिवतात, पण सुईत दोरा मी ओवून देते. घरात एक नवी रीत मात्र पडली. पाडव्याला नवी दिनदर्शिका भिंतीला लागली की ज्येष्ठाच्या पानावर दोन नावं लिहायची, जाणाराचं आणि राहणाराचं. राहणाराने स्वतः होय म्हटल्याशिवाय लिहायचं नाही. एका वर्षी कुणीच होय म्हणेना, तेव्हा कुणीच गेलं नाही. गावात त्याची चर्चा झाली. होऊ दे.

2022 ला पायी वारी पुन्हा सुरू झाली, तेव्हा राहणाराच्या जागी आमच्या मालकांनी स्वतःचं नाव लिहिलं, आणि जाणाराच्या जागी माझं. वैशाखापासून ते धारेला बसायला लागले. चांदणी काही केल्या उभी राहीना. शेवटी आत्यांनी माझं लुगडं त्यांच्या अंगावर टाकलं. मिशीवाला गडी, डोक्यावरून पदर. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे आणि हसायचे. पण त्यावरही तिने अर्धीच धार सोडली. मी म्हटलं, हरिपाठ म्हणा.

हरिपाठ त्यांना चांगला येतो, दिंडीत चाळीस माणसांच्या वर आवाज जातो. त्यांनी गोठ्यातही तसाच खणखणीत, चालीत सुरू केला. चांदणी दावं तोडायच्या बेताला आली, चरवी एकीकडे, मालक एकीकडे. आत्या दारातून म्हणाल्या, ‘आरं, हळू. तिला ऐकू येतंय.’

हळू म्हणायला त्यांना तीन आठवडे लागले. मी निघाले त्या पहाटे गोठ्याच्या बाहेर उभी राहून ऐकत होते. शब्द लागत नव्हते, नुसती चरवीतली धार ऐकू येत होती.

यंदाही दिंडीची भिशी माझ्या नावाने भरली आहे.